ऑईलचा काटा ही इंजिनाची नाडी



कार्तिकी एकादशी झाली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. माढा, माळशिरस, पंढरपूर, करमाळा या उसाच्या पट्ट्यात रात्रंदिवस ट्रॉल्या धावू लागतात. राज्यात साखर कारखाने सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याची गणना होते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा तर गाळप अगदी ऐन भरात असते. अशा वेळी ट्रॅक्टर बंद पडला, तर नुकसान एका गाडीपुरते राहत नाही. फडात टोळी बसून राहते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

यातले बरेचसे बंद पडणे अचानक वाटते, पण ते अचानक नसते. इंजिनाने महिना-दोन महिने आधी सांगून ठेवलेले असते. ते सांगण्याचे साधन म्हणजे ड्रायव्हरच्या समोरचा ऑईलचा काटा. उष्णतेचा काटा आपण पाहतो, डिझेल किती उरले ते पाहतो. ऑईलच्या काट्याकडे मात्र लक्ष जाते ते खालून ठोका ऐकू येऊ लागल्यावर. तोवर थोडक्यात भागणारे काम क्रँकपर्यंत पोहोचलेले असते.

आपल्याकडे जुनी यंत्रे पुष्कळ आहेत. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर खेडोपाडी पोहोचला. १९७१ पासून पिंजोरच्या कारखान्यातून एचएमटीचे ट्रॅक्टर आले. मॅसी, आयशर, एस्कॉर्ट यांचीही जुनी गाडी एखाद्या वाड्याच्या अंगणात अजून उभी दिसते आणि कामही करते. गाडी जुनी असणे हा दोष नव्हे. तिची नाडी पाहता न येणे हा दोष. म्हणून आज हा काटा वाचायचा कसा, आणि तो पडला तर शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा, ते पाहू.

दाब म्हणजे काय?

क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकून फिरतो असे आपण म्हणतो. खरे पाहता चालू इंजिनात तो बेअरिंगला टेकतच नाही. दोघांच्या मध्ये ऑईलचा पातळ पापुद्रा असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगत फिरतो. हा पापुद्रा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशाँप टॉवर नावाच्या इंजिनिअरने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना एक भोक पाडले, तर त्यातून ऑईल जोराने वर येऊ लागले. लाकडी बूच ठोकले तेही बाहेर फेकले गेले. फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑईल ओढून घेतो आणि त्यावर उचलला जातो, हे त्यावरून कळले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने त्याचे गणित मांडले. आजची सगळी इंजिने त्याच तत्त्वावर चालतात.

मग ऑईलपंपाचे काम काय? प्रत्येक बेअरिंगला न खंडता ऑईल पुरवणे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पंप दाब तयार करत नाही, तो प्रवाह देतो. दाब तयार होतो अडथळ्यामुळे. तुमच्या ठिबकचेच उदाहरण घ्या. मोटर तीच, विहीर तीच, पण लॅटरलची शेवटची टोपी निघाली की सगळ्या ओळीचा दाब उतरतो. दोष मोटरचा नसतो, पाणी मोकळ्या वाटेने निघून जाते इतकेच. बेअरिंग झिजले की अगदी असेच घडते. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधली फट वाढते, ऑईल तिथून मोकळे गळून चेंबरमध्ये पडते आणि काटा खाली येतो. फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला गळती दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. झीज सुरू झाल्यावर काटा भराभर का पडतो, त्याचे कारण हेच.

उलट, विहिरीतला फूटव्हॉल्व्ह कचऱ्याने बुजला तरीही ठिबकला दाब मिळत नाही. इंजिनातही चेंबरमधली जाळी चोंदली तर काटा पडतो. म्हणजे एकच लक्षण, पण रोग दोन. ओळख न पटवता औषध दिले तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

काटा किती असावा?

नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. पुस्तक हरवले असेल तर साधारण अंदाज असा : इंजिन पूर्ण गरम असताना दर हजार फेऱ्यांना निदान १० पौंड दाब असावा. म्हणजे दोन हजार फेऱ्यांना २० पौंडांच्या खाली काटा गेला तर काळजीचे कारण आहे. चांगल्या इंजिनात तो याहून बराच वर असतो. काही काट्यांवर किलोचे आकडे असतात. १ किलो म्हणजे सुमारे १४ पौंड, हा हिशेब लक्षात ठेवावा.

वाचन नेहमी गरम इंजिनावर घ्यावे. थंड ऑईल काकवीसारखे दाट असते, त्यामुळे झिजलेल्या इंजिनातही सकाळी काटा ताठ उभा राहतो. निदान अर्धा तास काम करून इंजिन तापवावे. मग मंद गतीला एकदा, मधल्या रेसवर एकदा आणि कामाच्या रेसवर एकदा, असे तीन आकडे घ्यावेत. ते तारखेसह घरातल्या कॅलेंडरवर लिहावेत. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडे हे काम दिले तर ते आवडीने करतात. महिन्याला एकदा एवढे केले, तर चार-सहा महिन्यांची ती ओळ कोणत्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा जास्त सांगते. एकाच दिवशीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे याला अर्थ आहे.

काट्याऐवजी नुसता लाल दिवा असेल तर अधिक सावध राहावे. हे दिवे बहुधा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतात. दिवा लागला म्हणजे सूचना मिळाली असे नव्हे, वेळ संपली असे समजावे. घरातले जे कोणी स्टिअरिंगवर बसते त्या प्रत्येकाला एक नियम पाठ असावा : चालत्या गाडीत दिवा लागला किंवा काटा शून्यावर गेला, की त्याच जागी इंजिन बंद. ‘कारखाना दोनच मैल राहिला आहे’ हा विचार करू नये. तेवढ्यात क्रँक जातो.

शोधाचा क्रम : स्वस्त आधी, महाग शेवटी

काटा पडला की इंजिन उतरवण्याची घाई करू नये. पुढील क्रमाने जावे.

पहिले, ऑईलची पट्टी पाहावी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. ऑईल कमी असेल तर भरावे. पातळी वाढलेली दिसली तर मात्र खूश होऊ नये. डिझेल किंवा पाणी आत शिरत असण्याचा तो इशारा आहे. पट्टी हुंगून पाहावी. एक थेंब टिपकागदावर टाकून काही तास ठेवावा. काळ्या ठिपक्याभोवती मोठे फिकट कडे पसरले तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा. डिझेल फीड पंपाच्या फाटलेल्या पडद्यातून, फ्युएल पंपातून किंवा गळक्या नॉझलमधून येते. ऑईल दुधट, ताकासारखे दिसले तर पाणी आहे. अशा ऑईलवर गाडी एक फेरीही चालवू नये.

दुसरे, ऑईल कोणते घातले आहे ते पाहावे. पुस्तकात सांगितलेल्या नंबराचेच ऑईल हवे. सुटे, बिननावाचे ऑईल स्वस्तात मिळते, पण ते गरम झाल्यावर किती पातळ होईल याचा भरवसा नसतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा हा फरक लगेच काट्यावर दिसतो.

तिसरे, काटाच खोटा बोलत नाही ना, याची खात्री करावी. बुर्दाँ या फ्रेंच कारागिराने १८४९ साली शोधलेली वाकडी नळी आजही साध्या गेजमध्ये असते. ती जुनी झाली, बारीक पाईप चोंदला किंवा विजेच्या गेजचा सेंडर बिघडला की काटा चुकतो. मिस्त्रीकडून सेंडरच्या जागी खात्रीचे गेज बसवून दाब मोजून घ्यावा. काम थोड्या वेळाचे आहे, पण कित्येकांचे इंजिन उघडण्याचे वाचते.

चौथे, ऑईल आणि फिल्टर बदलून पाहावा. जुना फिल्टर फेकू नये. तो पत्र्याच्या कात्रीने कापून कागदाची घडी उलगडावी आणि उन्हात धरावी. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटले तर ते लोखंड-पोलादाचे, म्हणजे रिंग, गिअर किंवा शाफ्ट यांचे. चिकटले नाहीत आणि रुपेरी किंवा तांबूस असतील तर बेअरिंगचा संशय धरावा. रुपेरी कण पिस्टनचेही असू शकतात. तांबूस कण हे बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला उघडा पडल्याचे लक्षण आहे.

पाचवे, रिलीफ व्हॉल्व्ह. दाब फार वाढू नये म्हणून स्प्रिंगचा हा व्हॉल्व्ह असतो. त्यात कचरा अडकून तो उघडा राहिला तर ऑईल परत चेंबरमध्ये जाते. तो काढून स्वच्छ करावा, स्प्रिंग तपासावी. काही जण स्प्रिंगखाली वायसर घालून काटा चढवतात. हा निव्वळ डोळ्यात धूळ फेकण्याचा प्रकार आहे. मंद गतीला, जिथे खरी अडचण असते तिथे, निरोगी व्हॉल्व्ह बंदच असतो. वायसरने तिथे काहीच सुधारत नाही.

काट्याची चाल काय सांगते?

सकाळी काटा चांगला, दुपारी गरम झाल्यावर मंद गतीला तळाला, आणि रेस दिली की पुन्हा वर : ऑईल पातळ नसेल तर बेअरिंगची किंवा पंपाची झीज.

थंड असो वा गरम, काटा सदैव सारखाच खाली : गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा.

रेस वाढवली की काटा चढण्याऐवजी पडतो : चेंबरमधली जाळी चोंदली आहे.

उतारावर, वळणावर काटा थरथरतो : ऑईल कमी आहे किंवा ओढनळी हवा घेते आहे.

एक गैरसमजही दूर करू. ‘इंजिन ऑईल खाते म्हणून काटा पडतो’ असे पुष्कळदा ऐकू येते. निळा धूर आणि ऑईल खाणे हे रिंग-लायनरचे दुखणे आहे. ऑईलची पातळी राखली तर केवळ त्याने दाब पडत नाही. नुसता लायनर-पिस्टनचा सेट बदलून काटा वर येईल अशी आशा धरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ठोक्याची ओळख

दाब पडला आणि ठोकाही ऐकू येऊ लागला, तर कान लावून ऐकावे. थंड असताना आवाज मोठा आणि गरम झाल्यावर कमी, तर बहुधा तो पिस्टनचा. गरम झाल्यावर वाढतो तो बेअरिंगचा. वरच्या बाजूची हलकी टिकटिक टॅपेटची असते.

मेन बेअरिंगचा ठोका जड आणि खोल असतो. तो तळातून येतो आणि ओझे ओढताना वाढतो. कनेक्टिंग रॉडच्या बिग एंड बेअरिंगचा ठोका त्याहून टणक असतो, आणि रेस सोडताना जास्त स्पष्ट ऐकू येतो. कोणत्या सिलिंडरचा ते ओळखण्यासाठी मिस्त्री मंद गतीला एकेका नॉझलच्या पाईपची नटबोळी किंचित ढिली करून ते सिलिंडर बंद पाडतो. ज्याच्या वेळी ठोका दबतो तिथे दोष. मात्र बिघडलेल्या नॉझलचा ठोकाही असाच दबतो, म्हणून काटा, फिल्टरमधले कण आणि आवाज या तिघांची साक्ष जुळल्याशिवाय निकाल देऊ नये. हे काम जाणत्या माणसानेच करावे. त्या पाईपमधला डिझेलचा फवारा कातडी फोडून आत शिरतो. तिथे बोट लावू नये, तोंड जवळ नेऊ नये. तसे झालेच तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

चेंबर उतरवल्यावर

साक्ष जुळली तर चेंबर उतरवावा. पूर्ण इंजिन उतरवण्याची गरज दर वेळी नसते. प्रथम जाळी पाहावी, मग फिलर गेजने पंपाच्या गिअरची फट मोजावी, मग बेअरिंगच्या टोप्या एकेक करून उघडाव्यात. टोप्यांवर आधी खुणा करून घ्याव्यात, अदलाबदल होऊ देऊ नये. रॉडचे वरचे पाते आणि मेनचे खालचे पाते जास्त ओझे सोसते, म्हणून झीज तिथे आधी दिसते.

पात्यावरच्या खुणा वाचता येतात. फिरण्याच्या दिशेने ओरखडे असतील तर धूळ-माती आत गेली आहे. थर वितळून पुसल्यासारखा, काळपट दिसला तर ऑईल पोहोचले नाही. बारीक खड्डे, मळकट रंग असेल तर ऑईल फार दिवस बदलले नाही किंवा पाणी मिसळले. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकडा आहे किंवा जर्नल निमुळता झाला आहे. कारण न शोधता नवे पाते घातले तर तेही त्याच वाटेने जाते.

क्रँकची जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजून घ्यावी. गोल आणि गुळगुळीत असेल, माप पुस्तकातल्या हद्दीत असेल, तर त्याच मापाच्या नव्या पात्यांवर भागते. लांबट गोल झाली असेल तर क्रँक ग्राइंड करावा लागतो आणि १०, २०, ३० थाऊ कमी मापाची पाती येतात. प्रत्येक ग्राइंडिंगमध्ये क्रँकचे आयुष्य घटते. वेळेवर चेंबर उघडण्याचा खरा फायदा हाच.

ग्राइंडिंगनंतर क्रँकच्या आतल्या ऑईलच्या वाटा बुचे काढून, रॉकेल आणि हवेने धुतल्या गेल्याच पाहिजेत. तिथे उरलेली सहाणेची भुकटी नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खाते. टोपी कानशीने घासणे, पात्याखाली कागद घालणे असले उपाय करू देऊ नयेत. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावेत. सुरू करण्यापूर्वी फिल्टर ऑईलने भरावा, स्टॉप ओढून इंजिन फिरवावे आणि काटा हलला की मगच स्टार्ट करावे.

जाड ऑईलचा फसवा धंदा

काटा पडला की जाड ऑईल घालावे, असा सल्ला हमखास मिळतो. काटा वर येतोही. पण फट होती तेवढीच राहते, आणि सकाळी थंड असताना ते जाड ऑईल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. तो प्रत्येक स्टार्ट झीज वाढवतो. हंगाम अगदी संपत आला असेल तर चार दिवसांची सोय म्हणून समजता येईल. तो उपचार नव्हे.

जुना ट्रॅक्टर विकत घेताना तर ही गोष्ट मुद्दाम पाहावी. विकणारा आधीच गाडी सुरू करून ठेवत असेल, किंवा दोन मिनिटे सुरू करून बंद करत असेल, तर थांबावे. थंड गाडी आपल्यासमोर सुरू करावी, काटा किती वेळात चढतो ते पाहावे, मग तासभर नांगराला किंवा भरल्या ट्रॉलीला लावून गरम करावी आणि मंद गतीला काटा वाचावा. पट्टीवरचे ऑईल नवे आणि मधासारखे दाट असेल तर किमतीची बोलणी सावकाश करावी. घरातला पैसा आणि बँकेचे कर्ज त्या एका तासावर अवलंबून असते.

झीज थांबवायची कशी?

आपल्या भागाचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. रब्बीच्या काळ्या रानात, रोटाव्हेटरमागे आणि फडाच्या कच्च्या रस्त्यावर एअर क्लीनर दिवसात भरतो. ऑईलचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या कामात त्याची वाटी रोज उघडून पाहावी. गाळ साचला की धुवून नवे ऑईल खुणेपर्यंतच भरावे. रबरी नळीची पट्टी ढिली असली तर सगळी मेहनत वाया जाते.

ऑईल तासांच्या हिशेबाने बदलावे, महिन्यांच्या आठवणीने नव्हे. स्टार्ट करताच रेस देऊ नये, काटा वर येईपर्यंत दम धरावा. दोन भरलेल्या ट्रॉल्या वरच्या गिअरमध्ये कमी रेसवर कुंथत ओढू नयेत. त्या वेळी ओझे जास्त आणि फिरणे कमी असते, म्हणून ऑईलचा पापुद्रा तुटतो. खालचा गिअर घ्यावा. कारखान्याच्या गव्हाणीपुढे तासन्‌तास रांग असते, तिथे इंजिन विनाकारण चालू ठेवू नये.

चैत्रात हंगाम संपला की गाडी तशीच झाडाखाली लावली जाते. त्याऐवजी त्याच आठवड्यात ऑईल बदलावे, फिल्टर कापून पाहावा आणि कॅलेंडरवरच्या आकड्यांची ओळ मिस्त्रीला दाखवावी. काम निघालेच तर उन्हाळ्यात सावकाश, चार ठिकाणी चौकशी करून होते. तेच काम पौषात निघाले तर मिळेल त्या मिस्त्रीकडे, सांगेल त्या किमतीला करून घ्यावे लागते. बैलाच्या खुराला ठेच लागली तर आपण संध्याकाळी पाहतोच. ट्रॅक्टर बोलत नाही आणि लंगडतही नाही. त्याचे दुखणे त्या एका काट्यावर येते, तेवढे रोज पाहावे.